पाव फेरा

एप्रिलच्या दुपारी जोएल रणभिसे गिटार घेऊन आला,
दापोडीत, तिसऱ्या मजल्यावर, घाम पुसत.
"काका, चार नंबरची ॲलन-की आहे ना तुमच्याकडे?
लक्ष्मी रोडवरचा आठशे मागतोय,
आणि वर म्हणतो, आठवड्यानं या."

माझ्याकडे दीडपासून दहापर्यंत सगळ्या आहेत.
टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली,
रिटायर झालो तेव्हा पेटी सोबत आली.

मांडीवर आडवी घेतली. लाल, कडेला रंग उडालेली.
वायर लावली नाही तर आवाज डासाएवढा.
जाड तार छेडली: फर्रर्र,
सैल पत्रा वाजावा तशी.
"पहिल्या तीन-चार पट्ट्यांवरच घासते," तो म्हणाला, "पुढे ठीक."

शाफ्ट बघायचो तसा एक डोळा मिटला.
हवा कोरडी, लाकूड सुकलेलं,
मान मागे गेली होती. ताठ्यात.
माझ्या गळ्यात पट्टा, डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेला,
वाकून बघता येईना,
म्हणून गिटारच डोळ्यासमोर उचलली.
दोन माना समोरासमोर.
जोएल हसला नाही. वळणाचं पोरगं.

त्यानं वरचं छोटं झाकण काढलं. आत नट, अंधारात.
"इथून लोखंडी सळई जाते, पार अंगापर्यंत. ट्रस रॉड.
तारा एकीकडे ओढतात, ही दुसरीकडे."
म्हणजे युनियन आणि मॅनेजमेंट, मी म्हणालो.
आणि मधे लाकूड.

"सरळ करायची ना?"
"नाही काका, अगदी सरळ नको. किंचित पुढे झुकलेली.
तार हलते तेव्हा तिला पोट सुटतं,
तेवढी जागा लागते."

मी फीलर गेज काढलं.
पहिली पट्टी त्याच्या बोटाखाली, शेवटची माझ्या,
मधे सातव्या-आठव्यापाशी दहा थावाचं पान.
जाईना.
पाचाचं जाईना.
दोनाचंही अडलं.

"डावीकडे. पाव फेरा, जास्त नाही."
हे मला सांगायला नको होतं.
किल्लीला मनगट दे, खांदा देऊ नकोस,
ढवळे म्हणायचा.
नट हलेना. नट हलेना.
मग आत कुठेतरी कट्ट झालं
आणि पोराचा चेहरा उतरला.
अरे, ते सुटल्याचं होतं. मोडल्याचं वेगळं असतं.

मोबाइलकडे बघत त्यानं तारा परत सुरात आणल्या.
दोनाचं गेलं. पाचाचं जेमतेम.
"ठेव आजची रात्र. लाकूड लगेच ऐकत नाही."

जाताना गेज उलटंपालटं करत म्हणाला,
"काका, वि. ढ. कोण?"
कव्हरवर पंचानं ठोकलेली अक्षरं.
होता एक, म्हणालो.

संपाच्या नवव्या महिन्यात गेटवर कागद ठेवला होता.
ढवळ्यानं सही केली. तीन मुली होत्या त्याला.
मी मान खाली घालणार नाही, असं मोठ्यानं म्हणालो,
सगळ्यांसमोर, त्याच्याकडे बघत.
अकराव्या महिन्यात आम्ही सगळेच आत गेलो, त्याच गेटातून.
पुढची एकोणीस वर्षं शेजारशेजारचं बेंच,
आणि गेज माझ्या पेटीत.

रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा जाड तार नखानं छेडली.
"कोण आहे?" आतून हिनं विचारलं.
कोणी नाही, झोप.

सकाळी दहाचं पान गेलं,
थोडं अडखळत, पण गेलं.
जोएलनं वाजवून बघितलं, फर्रर्र नाही,
पैशाचं विचारलं, मी जिन्याकडे बोट दाखवलं.

गेज पुसलं, तेलाचा हात दिला.
पेटीत नाही ठेवलं. फ्रीजवर आहे.
ढवळे पुलापलीकडे सांगवीत राहतो म्हणतात,
संध्याकाळी नदीकडे फिरायला येतो.
उन्हं उतरली की बघू.
पट्ट्यामुळे सध्या मान वळवता येत नाही,
समोरून आला
तर बघावंच लागेल.